फिट शाळेत आली म्हणून पोरीची शाळाच बंद करू का?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगी आठ वर्षांची, गावातल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत. दीड वर्षापूर्वी तिला पहिली फिट (फेफरं) आली, महिन्याभरात दुसरी. बेळगावात दाखवलं, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) झालं, एमआरआय झालं, एमआरआय नॉर्मल आलं. डॉक्टरांनी लेवेटिरासिटामचं सिरप चालू केलं आणि नंतर बरेच महिने काही नाही. गेल्या महिन्यात दुपारचं जेवण झाल्यावर वर्गातच फिट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातात चमचा घालायला बघितलं, त्यात ओठ फाटला. हेडमास्तर म्हणाले, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, थोडे दिवस घरीच ठेवा. तेव्हापासून ही आई रोज शाळेच्या कट्ट्यावर बसून असते, शिवणकाम बंद पडलंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, सौंदत्तीला जाऊन येऊ. जाऊबाई म्हणतात कुणाला सांगू नको, उद्या लग्नाला अडचण येईल. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, शिफ्टवर. मधे एक ओळ आहे, "औषधानं पोरगी लई चिडचिडी झाल्या, भावाला मारायल्या, म्हणून दोन-अडीच महिने झाले मीच थोडं कमी करून देतो." आणि शेवटी, "घरीच शिकवू का तिला? माझ्या नजरेसमोर तरी राहील. पोटात असताना गिराण (ग्रहण) पाळलं नव्हतं, त्याचं तर नसेल?"

ताई, तुम्ही विचारलाय शाळेचं, खरं माझी नजर त्या मधल्या ओळीवरच जाऊन थांबली. औषध कमी केलं दोन-अडीच महिन्यांपूर्वी आणि फिट आली गेल्या महिन्यात. म्हणजे आधी औषध उतरलं, मग फिट आली. ती शाळेत आली म्हणून तुमच्या मनात शाळेची भीती बसली, आणि ते साहजिकच आहे, फोन आल्यावर आई कशी पळत येते ते लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी वर्षानुवर्षं बघितलंय. पण त्या दिवशी पोरगी घरी तुमच्या मांडीवर असती तरी फिट बहुतेक आलीच असती. मग शाळा बंद करून नेमकं काय थांबणार?

मी तुम्हाला बोल लावत नाही. गुणाची पोरगी एकदम भावाला मारायला लागली, भांडी फेकायला लागली तर कुठली आई औषधाच्या बाटलीकडं संशयानं बघणार नाही? आणि तुमचा संशय खोटा पण नाही. लेवेटिरासिटामनं काही मुलांची चिडचिड वाढते, राग येतो, उगीच रडू येतं, हे डॉक्टर लोकांना पक्कं माहीत असलेलं आहे, तुमचा भास नाही आणि पोरीचा हट्टही नाही. त्यावर डॉक्टरांच्या हातात मार्ग असतात, मात्रा नीट जुळवून बघता येते, नाहीच सोसलं तर दुसरं औषध हळूहळू चालू करून हे हळूहळू उतरवता येतं. फक्त त्यांना ते कळायला पाहिजे. आणि हे काम पुढच्या तारखेला नको, आजच फोन करा, फोन लागत नसेल तर उद्याची पहिली बस धरा. सांगताना अगदी खरं सांगा, बाटलीवर इतके एमएल लिहिलेत, मी अमुक तारखेपासनं इतकेच दिले. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवलं तर काय होतं बघा, डॉक्टरांना वाटतं पूर्ण मात्रेवर असताना सुद्धा फिट आली, म्हणजे औषध पुरत नाही, मग ते मात्रा आणखी वाढवतात नाहीतर दुसरं औषध जोडतात. म्हणजे ज्या चिडचिडीला घाबरून तुम्ही कमी केलं तीच दुप्पट होऊन अंगावर येणार. आणि पूर्ण मात्रा परत कशी चालू करायची ते पण त्यांनाच विचारा, मनानं वरखाली काही करू नका.

फिटचं औषध एकदम तोडलं तर फिट नुसती परत येत नाही, कधी कधी एकामागोमाग एक येत राहते, थांबतच नाही, आणि मग आयसीयूची वेळ येते. म्हणून सगळे डॉक्टर एवढा एकच धोशा लावतात की बंद करू नका. बहुतेक मुलांत साधारण दोन वर्षं एकही फिट न येता गेली की मग डॉक्टर औषध उतरवायचा विचार करतात, तेही हळूहळू, महिन्यामहिन्यानं. तुमची ती दोन वर्षं आता गेल्या महिन्यातल्या फिटपासनं परत मोजायची आली, ऐकून वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय, पण लपवून उपयोग नाही. यात चांगली गोष्ट अशी की जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात साधारण 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट नीट उपचारानं थांबू शकतात. तुमच्या पोरीच्या औषधानं इतके महिने थांबवूनच दाखवल्या होत्या की.

आता औषध देता कशानं ते बघा. घरातला चहाचा चमचा असेल तर तो आजपासनं बंद. एका घरात चार चमचे चार मापाचे असतात, सासूबाईंच्या हातचा चमचा काठोकाठ आणि तुमचा थोडा कमी, असं दोन वर्षं चालणार का? मेडिकलमधनं सुई नसलेली सिरिंज घ्या, पाच एमएलची, दहा रुपयाच्या आतबाहेर मिळते. त्यावर जितके एमएल लिहून दिलेत त्या रेघेवर नेलपॉलिशनं एक बारीक खूण करा. औषध ओढलं की सिरिंज उजेडाकडं तोंड करून डोळ्यासमोर सरळ धरा, वरनं बघितलं तर माप चुकतं, बुडबुडा असेल तर टिचकी मारून वर आणा आणि ढकलून काढा, मग रेघेवर आणा. पोरीला बसवून गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा, घशात एकदम मारू नका, ठसका लागतो. मग सिरिंज धुऊन उपडी ठेवा. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर एका एमएलमध्ये किती एमजी ते जुन्या बाटलीशी ताडून बघा, जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि पोरगी वाढतीय, दीड वर्षापूर्वीच्या वजनावरची मात्रा आज कमी पडत असेल, म्हणून दर वेळी काट्यावर उभी करा आणि तो आकडा डॉक्टरांपुढं ठेवा.

एखादी वेळ चुकली तर? थोड्या वेळात आठवलं तर लगेच द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन्ही मिळून एकदम देऊ नका. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर परत द्यायचं का नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा, रात्री अकरा वाजता कुणाला विचारणार?

वही म्हणाले, तर एक साधी वही कराच. त्यात तारीख, सकाळचं औषध, संध्याकाळचं औषध, झोप, ताप, आणि फिट आली तर किती वाजता, किती वेळ, आधी काय करत होती, कुठल्या बाजूचा हातपाय आधी उडाला, डोळे कुठं फिरले, नंतर किती वेळ झोपली. गेल्या महिन्यातल्या फिटच्या आदल्या रात्रीचं पण आठवून लिहा, गावात जत्रा होती का, लग्न होतं का, रात्रभर जागली का, अंगात कणकण होती का. औषध कमी, त्यात झोप कमी, त्यात ताप, अशी दोन-तीन कारणं एका दिवशी गाठ पडली की फिट यायला वाट मिळते. जवळ दुसरं कुणी असेल तर त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा, लोक बघत्यात म्हणून लाजू नका, डॉक्टरला तुमच्या दहा मिनिटांच्या सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो. आणि टीचरांना विचारा, ही मधेच काही सेकंद एकटक बघत बसते का, हाक मारली तरी ओ देत नाही, लिहिता लिहिता पेन्सिल थांबते नि परत चालू होते, असं? त्याला सगळे लक्ष नाही, लक्ष नाही म्हणतात, पण ती बारीक फिट असू शकते.

हां, एक आपल्या कर्नाटकातलीच गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी कामाची. डोक्यावरनं कडकडीत गरम पाणी ओतताना फिट येणं हा प्रकार इकडं, खास करून म्हैसूरच्या बाजूला, बराच दिसतो. तुमच्या मुलाला अंघोळीतच फिट येत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि पाणी कोमटच ठेवा.

आता शाळा. ताई, तुम्ही म्हणता माझ्या नजरेसमोर राहील. पण नजरेसमोर असल्यानं फिट थांबत नाही, फिट आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत शेजारचा माणूस काय करतो त्यावर सगळं असतं. आणि तुम्ही घरी असलात तरी विहिरीवर जाणार, चुलीपुढं असणार, झोपणार. शाळेत निदान एक मोठं माणूस सारखं समोर असतं. त्या दिवशी पोरीचा ओठ फाटला तो फिटनं नाही, चमच्यानं. शाळेची चूक म्हणाल तर एवढीच की त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला अर्धा तास पुरतो.

हेडमास्तरांना वेळ मागा, एकट्या जाऊ नका, नवऱ्याची सुट्टी असेल त्या दिवशी जा किंवा आशाताईला, पीएचसीच्या (सरकारी आरोग्य केंद्राच्या) सिस्टरला बरोबर घ्या. टीचर, दुपारचं जेवण करणाऱ्या अक्का, आणि वर्गातली दोन शहाणी पोरं यांना समोर बसवा आणि जाजमावर तुमच्या पोरीलाच नाहीतर दुसऱ्या कुणाला झोपवून करून दाखवा. पहिलं, घड्याळ बघायचं. खरंच बघायचं, कारण फिटमधलं एक मिनिट पंधरा मिनिटांसारखं वाटतं. आजूबाजूचं बाक, दगड, पाटी सरकवायची, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणीची घडी. गळ्याचं बटण, कमरेचा पट्टा सैल. मग एका कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून पुढं टेकवायचा म्हणजे ती पालथी पडत नाही, गाल खालच्या हातावर, तोंड थोडं जमिनीकडं, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडते, श्वासाच्या नळीत जात नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काहीच घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध पण नाही. जीभ गिळली जात नाही हो, फार तर चावली जाते, ती भरून येते, पण मोडलेला दात छातीत गेला तर जीवावर बेततं. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली हातात देणं, याचा काही उपयोग नाही, फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं, एवढंच. थांबल्यावर पोरगी गुंगीत असते, झोपते, तिला तसंच कुशीवर झोपू द्यायचं, पूर्ण शुद्धीवर येऊन नाव, गाव बरोबर सांगेपर्यंत पाण्याचा घोट सुद्धा नको.

108 ला फोन कधी करायचा ते हेडमास्तरांच्या टेबलावर कागदावर लिहून चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, कारण बदली होऊन नवीन कोण येईल सांगता येत नाही. पाच मिनिटांवर गेली तर. थांबून शुद्धीवर यायच्या आधीच दुसरी आली तर. थांबल्यावर श्वास नीट नाही, ओठ निळेच राहिले तर. डोक्याला मार लागला, पाण्यात असताना आली तर. अर्ध्या तासानंतरही जागी होत नसेल तर. बाकी वेळेला सगळ्या गावानं उचलून रिक्षात घालायची गरज नाही, तुम्हाला फोन करायचा आणि तिच्याजवळ बसायचं. डॉक्टरांना आणखी एक विचारा, मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे हिच्यासाठी लिहून देता का. पाच मिनिटांवर गेलेली फिट थांबवायला तो असतो, किती वेळा मारायचा ते वजनावर ठरतं, आणि मारल्यावरही श्वासाकडं लक्ष ठेवून दवाखान्यात न्यायचंच. तुमचं गाव मेन रोडपासनं आत असेल, ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागत असेल, तर हा स्प्रे एक घरात आणि एक शाळेत असलेला बरा.

हेडमास्तर जबाबदारीला घाबरले, वाईट माणूस म्हणून नव्हे. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हातात द्या, की हिला शाळेत यायला, खेळायला हरकत नाही आणि फिट आली तर अमुक करा. तेवढ्यावर बरेच जण तयार होतात. नाहीच झाले तर शांतपणे सांगा की शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा आहे, 6 ते 14 वर्षांच्या पोराला शाळेतनं काढता येत नाही, आणि मग एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या मेंबरांना, तिथंही नाही भागलं तर खानापूरच्या बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या) ऑफिसला लेखी द्या. भांडणानं सुरुवात मात्र करू नका, फिट आली तर त्याच माणसानं पोरीजवळ बसायचंय. तिला पळू दे, लंगडी, खो-खो सगळं खेळू दे. नको म्हणायचं ते एवढंच, विहिरीवर, ओढ्यावर, मलप्रभेत एकटीनं उतरायचं नाही, झाडावर चढायचं नाही, चुलीजवळ एकटी नाही, आणि बाथरूमला आतनं कडी नाही.

पोरीचं मन तुमच्या पत्रात कुठंच आलं नाही, ते मला खटकलं. आठ वर्षांची आहे ती. फिटमध्ये बऱ्याचदा कपड्यात लघवी होते, आणि मुलांना फिटपेक्षा त्याचीच जास्त लाज वाटते, फिट त्यांना आठवत पण नसते, ओला फ्रॉक मात्र आठवतो आणि हसलेली पोरं आठवतात. टीचरकडं एका पिशवीत जादा युनिफॉर्म, आतले कपडे, एक टॉवेल ठेवून द्या, आणि फिट आली की बाकी पोरांना वर्गाबाहेर काढायचं, एवढं टीचरना सांगा. तिला सांगा की डोक्यात एक वायर कधी कधी गडबड करते आणि हे सिरप ती शांत ठेवतं, तुझं काही चुकलं नाही, कुणाला लागणारा हा रोग नाही. बाकीच्या पोरांना पण टीचरनी हेच सांगावं. तिला शाळेत जायचंय का ते विचारलं का तुम्ही? विचारून बघा. आणि तुम्ही कट्ट्यावर बसलेल्या दिसता तोवर वर्गातली प्रत्येक नजर तिच्यावर असणार. एकदम उठून जाऊ नका, शाळेतली माणसं हे सगळं शिकली की आधी मधल्या सुट्टीपर्यंत बसा, मग नुसतं सोडायला या, मग फोन चालू ठेवून मशीनवर बसा. शिलाईचे पैसे तिच्या औषधालाच लागणार आहेत की.

हे शाळेचं सगळं मी फिटवर लिहिलं तरी दुसऱ्या आजारांच्या आईबापांनी पण हाच कागद करावा, मजकूर बदलून. दमा असेल तर निळा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) दप्तरातच पाहिजे, कपाटात कुलपात नको, आणि टीचरला एवढं कळायला पाहिजे की बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातीय, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, तर पंप देऊन लगेच दवाखाना. पंपाची सवय लागते ही भीती काढून टाका, तो थेट छातीत जातो म्हणून औषध कमी लागतं. रोजचा स्टेरॉईडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरायला लावा. हृदयाला जन्मापासनं छिद्र असलेलं, रडताना निळं पडणारं पोर असेल तर त्याला कुशीत घेऊन दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरायचे, शांत करायचं आणि दवाखाना गाठायचा, आणि असं पोर खेळता खेळता आपणहून उकिडवं बसत असेल तर हटकू नका, त्याला त्यानं बरं वाटतं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असेल तर सांधा सुजला, टेंगूळ आलं की ताबडतोब फॅक्टर (रक्त गोठवणारं औषध), दंडात कंबरेत इंजेक्शन नाही, आणि ताप-दुखीला ॲस्पिरिन, ब्रुफेन नाही. थॅलेसेमियाच्या, म्हणजे सारखं रक्त भरावं लागणाऱ्या पोराला रक्ताची तारीख जवळ आली की ते दमतं, आळशी म्हणून उभं करू नका, आणि रक्त दर वेळी भरलं तरी साठलेलं लोह काढायचं औषध चुकवू नका. आणि थॅलेसेमियाचं पोर घरात असताना पुढचा पाळणा हलायच्या आधी नवरा-बायको दोघांनी डॉक्टरांना भेटायचंच, दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण दोष अंगात) असतील तर प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता असते, पहिल्याला झालं म्हणजे दुसऱ्याला होणार नाही असा हिशोब नसतो.

सासूबाईंचं. त्यांना सौंदत्तीला जायचं असेल तर जाऊन या, यल्लम्माची ओटी भरा, भंडारा लावा, त्यांच्या जिवाला बरं वाटेल आणि घरातला ताण उतरेल. फक्त सिरप आणि सिरिंज पिशवीत बरोबर, दोन्ही वेळा घड्याळाप्रमाणे, पोरीला उपास नको, रात्रभर जागरण नको, आणि कुणी देवऋषी औषध बंद करा म्हणाला, डाग द्या म्हणाला, धूर हुंगवा म्हणाला तर तिथनं उठायचं. घरात दिवसभर पोरीजवळ आजीच असते ना, मग कुशीवर कसं वळवायचं ते त्यांना आधी शिकवा, आणि संध्याकाळची सिरिंज भरायचं काम त्यांच्याकडं सोपवा, तुम्ही शेजारी उभ्या राहून बघा. ज्या बाईच्या हातनं रोज औषध जातं ती औषधाच्या विरोधात सहसा बोलत नाही, हे मी घराघरातनं बघितलंय.

जाऊबाईंची काळजी पण उडवून लावत नाही मी, आपल्याकडं पोरीच्या आजारावर गावभर बोलतात ते खरंच आहे. सगळ्या गावाला सांगा असं माझं म्हणणं नाहीच. टीचर, हेडमास्तर, शेजारचं एक घर, आजी, मामा, एवढ्यांना माहीत पाहिजे. लग्न अजून दहा-पंधरा वर्षं लांब, तोवर फिट आणि औषध दोन्ही बंद झालेलं असायची चांगली शक्यता आहे. आणि 1999 साली कायदा बदललाय, फेफरं आहे एवढ्या कारणानं आता हिंदू विवाह कायद्यात किंवा स्पेशल मॅरेजमध्ये लग्न रद्द ठरवता येत नाही. आज लपवून ठेवलं तर लग्नाचं काही सुधारत नाही, चमचा मात्र परत दातात जातो. वयात यायच्या आधी डॉक्टरांशी एकदा नीट बोलून घ्या, कारण फिटची काही औषधं, त्यात व्हॅल्प्रोएट मुख्य, पुढं गरोदरपणात बाळाला बाधू शकतात, म्हणून औषध बदलायची वेळ आली तर ही मुलगी आहे हे ध्यानात धरून ते ठरवतात.

आणि गिराण. नाही हो ताई. ग्रहणात भाजी चिरल्यानं, बाहेर पडल्यानं कुठल्याच पोराला फिट येत नाही. एमआरआय नॉर्मल आणि तरी फिट, अशी मुलं भरपूर असतात, बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. काहींत जन्मताना उशिरा रडणं, मेंदूज्वर, डोक्याला मार अशी कारणं असतात. काहींत टेपवर्म या लांब जंताची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ होते, ती डुकराचं मटण न खाणाऱ्या घरात सुद्धा, कारण अंडी माणसाच्या मैल्यातनं हाताला, पाण्याला, भाजीला लागतात, म्हणून कच्ची कोथिंबीर, कोबी, काकडी धुऊनच आणि हात साबणानंच. तुमच्या पोरीला ते नाही, एमआरआयनं सांगितलंय. इतके दिवस मनात हे गिराण घेऊन बसला होता, कुणाला बोलला पण नसाल.

नवऱ्याला पण एकदा ओपीडीत न्या. शिफ्ट बदलून घ्यायला सांगा, एक दिवसाचा पगार गेला तर जाऊ दे. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या तोंडनं ऐकणं वेगळं आणि स्वतः समोर बसून ऐकणं वेगळं, मग घरात सासूबाईंपुढं बोलायचं ओझं तुमच्या एकटीवर राहत नाही. बसचा खर्च म्हणाल तर शक्ती योजनेत तुम्हा दोघींना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. बिम्समध्ये, बेळगावच्या सरकारी दवाखान्यात, जाल तेव्हा ब्रेन हेल्थ क्लिनिकचा वार कुठला ते काउंटरवर विचारून घ्या, कर्नाटक सरकारनं बेंगळुरूच्या निम्हान्सला (मेंदूच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्याला) बरोबर घेऊन ही क्लिनिकं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात चालू केल्यात आणि फिट हा त्यांचा खास विषय. डॉक्टर कन्नडमध्ये भरभर बोलले आणि कळलं नाही तर मान डोलवून बाहेर येऊ नका, तिथल्या सिस्टरला धरा, बेळगावात मराठी येणारी एकतरी सिस्टर सापडतेच, आणि किती एमएल, किती वाजता, हे दोनच आकडे वहीत तिच्याकडनं मराठीत लिहून घ्या.

राहिलं एक. तुमच्याकडं पावसाळ्यात ओढे भरले की खानापूरची वाट दोन-दोन दिवस बंद होते आणि नेमकं तेव्हाच औषध संपतं, असं कितीतरी पोरांचं झालेलं बघितलंय. मे महिन्यातच डॉक्टरांकडनं जादा महिन्याचं लिहून घ्या आणि न उघडलेली एक बाटली कायम घरात ठेवा, तारीख बघून, उन्हात नाही, चुलीच्या वरच्या फळीवर तर नाहीच.